सातवी पट्टी

मला राग पटकन येतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो लवकर उतरत नाही, हे प्रणील बोरस्तेला माहीत असायला हवं होतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकाच टेबलावर आम्ही दोघांनी काही वर्षं काढली होती, आणि लग्न करायचं हेही त्याच टेबलावर ठरलं होतं.

तरी त्याच्या आईला रीतसर बघण्याचा कार्यक्रम हवा होता. निर्मलाकाकू नाशिकातलं मोठं वधूवर मंडळ चालवायच्या. लोकांच्या मुली चार माणसांत दाखवायला लावायच्या आणि स्वतःची सून मात्र परस्पर घरात आणायची, हे त्यांना पटणारं नव्हतं. म्हणून एका रविवारी सकाळी ती मंडळी आमच्या घरी आली. काकू, प्रणील, त्याचे मामा-मामी, आणि मामांच्या हातात काळी पेटी.

ती श्वासपेटी. त्या दिवसांत जन्मपत्रिकेच्या आधी श्वासपत्रिका बघायची पद्धत पडली होती. पेटीच्या नळीत फुंकर मारायची, की पडद्यावर बारा पट्ट्या उमटायच्या. सगळ्या हिरव्या आल्या तर माणूस आतून धडधाकट. एखादी लाल झाली तर त्या अवयवात पुढेमागे बिघाड होणार. यकृत, फुप्फुस, साखर, प्रत्येकाला एकेक पट्टी. रक्तात दिसायच्या कितीतरी आधी श्वासात दिसतं, अशी कंपनीची जाहिरात होती. कंपनी नाशिकातलीच, आणि पेटी घडवणारा तिचा मुख्य अभियंता म्हणजे आमचे होऊ घातलेले नवरदेव.

आल्या आल्या पोरीला नळीत फुंकायला सांगणं बरं दिसत नाही. त्यामुळे आधी पाणी, मग पोहे, मग चहा आणि मग फुंकर असा क्रम सगळीकडे रूढ झाला होता. मुलांच्या पत्रिका मात्र मंडळाच्या ऑफिसात सकाळी उपाशीपोटी निघायच्या. मुलाकडच्यांनी दुसऱ्याच्या दारात फुंकर का मारावी? ते पत्रिका घेऊनच यायचे.

आईनं पोहे केले होते. वरून खोबरं, कोथिंबीर आणि आमच्या पद्धतीनं मूठभर कच्चा कांदा. मी सगळ्यांबरोबर बसून बशी संपवली, कारण लाजून दोन दाणे टिपत बसणं मला जमत नाही. मग फुंकर मारली.

सातवी पट्टी लालभडक झाली. सातवी म्हणजे अमोनिया, आणि अमोनिया म्हणजे मूत्रपिंडं.

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचे यजमान याच आजारानं गेले होते, हे मला ठाऊक होतं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ते मी समजू शकते. पण काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत.

"माहीत होतं ना तुम्हाला, वहिनी?" त्या माझ्या आईला म्हणाल्या. "पोरीचं दुखणं लपवून माझ्या एकुलत्या एका पोराच्या गळ्यात बांधायला निघालात? मी डायलिसिसच्या खाटेशेजारी आयुष्य काढलंय. वैऱ्यावर येऊ नये ती वेळ."

आई रडायला लागली. पप्पांनी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली, आणि कधी वर्गावर आवाज चढवला नाही. ते हात जोडून उभे राहिले. "ताई, तिला कधी साधा मूतखडासुद्धा झाला नाही हो."

मी प्रणीलकडे बघितलं. पेटी त्याची. तिच्यात काय होतं आणि काय नाही, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो पडद्याकडे एकटक बघत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. मामांनी पेटी मिटली, आणि मंडळी चपला घालून निघून गेली.

पेटीनं दिलेला निकाल आपोआप सगळ्या मंडळांच्या सामाईक नोंदीत जायचा. मी दवाखान्यात जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या उत्तम आल्या. पण 'आज काही नाही, पुढे होईल' याला कोणती तपासणी उत्तर देणार? हळूहळू मलाही शंका यायला लागली. सकाळी उठले की आधी घोट्यावर अंगठा दाबून सूज आहे का बघायचे. लेसरच्या कामावर पोट भरणारी मी, एका लाल पट्टीला घाबरून गेले होते. प्रणीलचा एकच निरोप आला, 'आई ऐकत नाही, थोडा वेळ दे.' त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

मग, वर्ष सरता सरता, माझ्या धाकट्या बहिणीचं, समृद्धीचं स्थळ फिसकटलं. घराण्यातच खोट आहे म्हणे. त्या संध्याकाळी ती माझ्यावर उसळली. "ताई, तुझ्या किडनीपायी माझंही नशीब फुटायचं का?" लगेच तिला वाईट वाटलं, गळ्यात पडून माफीही मागितली. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. रडून झालं होतं. आता मला ती पेटी उघडून बघायची होती.

पेटी मिळवणं अवघड नव्हतं. मंडपवाल्याकडे खुर्च्या, पातेली आणि श्वासपेट्या, सगळं भाड्यानं मिळायचं. मी सात्त्विक चेहऱ्यानं एक घेऊन आले.

निकाल सामाईक नोंदीत जाऊ नये म्हणून पेटीत नावच घातलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या फुंकर मारली. बाराच्या बारा हिरव्या. वरणभात खाऊन मारली. हिरव्या. आठवडाभर मी जाता येता फुंकत होते आणि पेटी माझं कौतुक करत होती. मला वाटलं, आपण बरे झालो की काय! मग समृद्धीनं एक दिवस भेळ आणली, वर भरपूर कांदा घातलेली. सातवी लाल. मी समृद्धीला फुंकायला लावलं. तिचीही सातवी लाल.

"म्हणजे मलापण?" ती पांढरी पडली.

"म्हणजे कोणालाच नाही," मी म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले.

आता थोडं विज्ञान सांगते. श्वासातला प्रत्येक वायू प्रकाशाची ठराविक तरंगलांबी गिळतो. अमोनियाची वेगळी, गंधकाच्या वायूंची वेगळी. ती तरंगलांबी किती मंदावली हे मोजलं की वायू किती आहे ते कळतं. पेटीत एक काचेचा तंतू असतो, केसासारखा, आणि त्यात एर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. तंतूची दोन टोकं जोडून कडं केलेलं असतं. त्या कड्यात प्रकाश गरागरा फिरतो, दर फेरीत एर्बियम त्याला ताकद देतं, आणि लेसर तयार होतो. श्वासाची नळी त्या कड्यातच बसवलेली असते, म्हणजे प्रकाश श्वासातून हजारो वेळा जातो आणि वायूचा मागमूसही सुटत नाही.

अडचण एवढीच की आपल्याला एक नाही, तेरा तरंगलांब्या हव्या असतात, त्याही एकाच वेळी आणि स्थिर. बारा वायूंच्या बारा, आणि तेरावी तोंडाच्या वासाची. कांदालसणाचा वास ओळखून तो हिशेबातून वगळायचा म्हणून ती ठेवलेली. ती पडद्यावर दिसत नसे. पण एर्बियमच्या पंगतीत बळी तो कान पिळी. एक तरंगलांबी जराशी जोरात आली की ती सगळ्यांच्या ताटातलं ओढून घेते आणि बाकीच्या उपाशी मरतात. जगभरच्या प्रयोगशाळांना हाच त्रास.

आमच्या टेबलावर तो सुटला होता. आम्ही कड्यात एका खास तंतूचं लांबलचक रीळ घातलं होतं. त्या तंतूत एक गुण होता. एखादी तरंगलांबी फार माजली की तिच्यातला प्रकाश आपोआप शेजारणींना मिळायचा, आणि दुबळ्या पुन्हा उभ्या राहायच्या. पहिल्यांदा पडद्यावर तेराच्या तेरा तरंगलांब्यांच्या रेघा सारख्या उंचीच्या उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही दोघं वेड्यासारखे नाचलो होतो. पुढे तो पेटीच्या कंपनीत गेला, मी प्रकाशतंतूंच्या केबलच्या कंपनीत आले.

पेटीचं झाकण काढलं आणि मी बघतच राहिले. आमचं रीळ परातीएवढं होतं, आणि ते एका तापमानात ठेवायला जाड धातूचा डबा लागायचा. इथे बांगडीएवढं वेटोळं होतं आणि डबा नव्हताच. घरोघर न्यायची पेटी हलकी हवी ना! उरलेला तोल सॉफ्टवेअरनं सांभाळायचा, कारखान्यातल्या स्वच्छ हवेवर एकदा जुळवून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी पेटी आणि चिरलेला कांदा घेऊन मी माझ्या कंपनीत गेले. तिथल्या यंत्रावर कड्यातल्या सगळ्या रेघा दिसतात. कांद्याची फुंकर गेली की तेरावी मंदावायची. आकडा तेरावा असला तरी तरंगलांबीनं ती सहावीला खेटून होती, म्हणून तिचा वाटा सहावी लाटायची आणि फुगायची. फुगलेली सहावी आपल्या पलीकडच्या सातवीला दाबायची. सातवी दबली की पेटी बेधडक सांगायची, अमोनिया आहे, मूत्रपिंडं जाणार. बिचाऱ्या अमोनियाचा तिथे पत्ताही नसायचा.

आणि फुंकर मारण्याआधी पोहे कोण खात होतं? फक्त मुली. कंपनीत चाचण्या झाल्या त्या उपाशीपोटी, मुलांच्या पत्रिका उपाशीपोटी. आपली पद्धतच अशी की कांदा फक्त मुलींच्या नशिबी आला.

मी प्रणीलला त्याच्या कारखान्याच्या गेटवर गाठलं. समोरच्या टपरीवर चहा सांगितला.

"रीळ का छाटलंस?" मी विचारलं.

त्यानं न समजल्याचं नाटक केलं नाही, एवढं मात्र खरं. "पेटी उचलवत नव्हती, ईश्वरी. मालकांना बॅगेसारखी हवी होती."

"कांद्यानं सातवी पडते, हे कधी कळलं तुला?"

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुमच्याकडून परत आलो त्याच दिवशी. ऑफिसात बसून कांदा खाल्ला आणि फुंकून बघितलं."

मला वाटलं होतं तो म्हणेल आत्ता कळलं, मागच्या महिन्यात कळलं. त्याच दिवशी! आई तेव्हा स्वयंपाकघरात डोळे पुसत भांडी घासत असेल.

"आणि तू गप्प बसलास."

"एक पेटी चुकली म्हटलं की सगळ्या परत येणार. कारखाना बंद. किती माणसं कामाला आहेत इथे! पुढच्या मॉडेलमध्ये पूर्ण रीळ टाकतोय मी. तोवर तुझी नोंद आतून काढून टाकतो. आईला सांगतो, पुन्हा तपासली, हिरवी आली. समृद्धीचंही मार्गी लागेल. दिवाळीनंतर आपण लग्न करू."

"बाकीच्या मुलींचं काय?"

"त्यांच्याही काढू हळूहळू. कोणाला कळायचं कारण नाही."

त्यानं माझा हात हातात घेतला. खोटं कशाला बोलू, मी हो म्हणायच्या अगदी काठावर होते. मला तो अजून आवडत होता. आईची झोप, समृद्धीचं लग्न, माझं नाव, सगळं त्या एका 'हो'मध्ये परत मिळत होतं. पण तेवढ्यात तो म्हणाला, "तू समजूतदार आहेस."

जन्मात मला कोणी समजूतदार म्हटलेलं नाही. माझ्यावर वर्षभर थुंकलं जात असताना हा माणूस खरं माहीत असून ऑफिसात एसी लावून बसला होता, आणि आता मला समजूतदारपणाचं बक्षीस देत होता. माझ्या कानांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. तरी मी शांतपणे म्हणाले, "विचार करते."

त्यानं ते हो धरलं. बाई विचार करते म्हणाली की हो समजायचं, अशीच त्यांच्याकडची शिकवण.

कोणी म्हणेल, पेपरात का दिलं नाहीस? कंपनीनं दहा तज्ज्ञ उभे केले असते, आणि मी कोण? लाल पट्टीची, नाकारलेली मुलगी. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणाले असते, आणि नाशिकात ही म्हण लवकर सुचते. शिवाय सरळ सांगते, मला नुसतं खरं सिद्ध करायचं नव्हतं. आमच्या घरात पप्पांची मान खाली गेली होती, तशी मला त्याची गेलेली बघायची होती, चार माणसांत.

मंडळाचा वधूवर मेळावा पंधरवड्यावर होता. समृद्धीनं नाव नोंदवलं. मंडळाच्या मुलींमध्ये तिनं काय कुजबूज पेरली ते पुढे कळेलच. मी सकाळी लवकर मंगल कार्यालयात गेले आणि ओढणी खोचून नाश्त्याच्या टेबलाशी उभी राहिले.

निर्मलाकाकूंनी मला पाहून कपाळाला आठी घातली. "तू कशी इथे?"

"बहिणीबरोबर आलेय. म्हटलं वाढायला हात लावावा."

त्यांना नाही म्हणता येईना. मी पोहे वाढले. मुलांच्या ताटल्यांवर कच्चा कांदा सढळ हातानं पेरला. प्रणील आला, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. सगळं मिटलंय अशी त्याची खात्री होती. मुलांना तर कोणी फुंकायला सांगणारच नव्हतं. त्यानं पोहे आवडीनं खाल्ले आणि पुन्हा घ्यायला आला.

मेळावा सुरू झाला. मंचावर दोन पेट्या मांडलेल्या होत्या. समृद्धीचं नाव पुकारलं गेलं, तशी ती माइकजवळ गेली आणि म्हणाली, "मी फुंकर मारीन. पण आधी मुलांनी मारावी. आम्ही मारतो तशीच, खाऊनपिऊन, सगळ्यांसमोर."

मुलींच्या बाजूनं टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या आयाही वाजवायला लागल्या. एकदोन बाप्यांनी कुरकुर केली, पण काकू मानी बाई. त्यांनी माइक ओढून घेतला.

"आमच्या मुलांत काय खोट आहे? मारतील की! पहिला माझाच प्रणील येईल."

प्रणीलनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं. "आई, पेटी अजून गरम झालेली नाही," तो म्हणाला.

"तासाभरापासून चालू आहे ती. ये वर."

त्यानं पाय ओढत जाऊन फुंकर मारली. मोठ्या पडद्यावर सातवी पट्टी लाल झाली. काकू म्हणाल्या, "दुसरी पेटी लावा." दुसऱ्या पेटीवरही लाल.

काकूंच्या हातातला माइक खाली लोंबला. त्या हळूहळू मंचावरच बसल्या, प्रणीलच्या पायाशी. त्याची पँट वर सरकवून घोट्यावर अंगठा दाबायला लागल्या. सूज बघत होत्या. "तुझ्या बाबांनापण आधी काहीच कळलं नव्हतं रे," त्या म्हणत होत्या. "काहीच कळलं नव्हतं." माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मंचाजवळ आले होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ईश्वरी, तुला यातलं कळतं ना? सांग ना गं. चुकत असेल ना ही पेटी? माझं पोर बरं आहे ना?"

'हो, चुकते ही पेटी', एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. समोर एक आई रडत होती, आणि मी ते वाक्य गिळलं. ते गिळणं मला गोड लागलं, हेही सांगून टाकते.

"त्याला विचारा," मी म्हणाले. "पेटी त्यानं बनवलीय."

प्रणील माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी विनवत होता, तू सांग, काहीतरी सांभाळून सांग. मी हाताची घडी घातली. तो बोलला तर पेटी संपली, नोकरी संपली, नाव संपलं. नाही बोलला तर त्याची आई तिथेच त्याचं मरण बघत बसणार होती. काकू आता दुसऱ्या घोट्यावर दाबत होत्या.

"आई, ऊठ," तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही. कांद्यानं होतं ते. पेटी चुकते."

माझ्या आईच्या रडण्यानं वर्षभर त्याचं तोंड उघडलं नव्हतं. स्वतःची आई रडली तर मिनिटभरही दम निघाला नाही. मला आनंद झाला, अगदी हवा होता तसा झाला. आणि त्याच वेळी दुखलंही. त्याला बोलता येत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्यासाठी त्याला बोलावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

काकूंनी वर बघितलं. "मग हिची पट्टी?"

"तीही चुकीची."

"तुला कधी कळलं?"

सभागृह वाट बघत होतं. "त्याच दिवशी," तो म्हणाला.

काकूंनी त्याच्या पायावरचा हात काढून घेतला. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली, मग तिचे वडील उठले, मग आणखी कोणी कोणी. लाल पट्टीवाल्या मुली बहिणींबरोबर, मैत्रिणींबरोबर प्रेक्षक म्हणून आल्या होत्या. समृद्धीनंच बोलावल्या होत्या. त्या मंचाकडे निघाल्या आणि प्रणील तिथे एकटा उभा राहिला. मला त्याच्या मदतीला जावंसं वाटलं नाही.

महिन्याभरात पेट्या परत घेतल्या गेल्या, नोंदी पुसल्या गेल्या आणि प्रणीलची नोकरी गेली.

त्यानंतर एका रविवारी बोरस्ते मंडळी पुन्हा आमच्या घरी आली. हातात नारळ आणि पेढे होते. काकू आल्या त्या सरळ आईसमोर उभ्या राहिल्या. "वहिनी, त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही!" त्या खरंच रडल्या, आणि आईनं, ती आईच असल्यामुळे, त्यांना पाणी दिलं. प्रणील कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. वाळला होता.

"झालं गेलं गंगेला मिळालं," काकू शेवटी म्हणाल्या. "पोरांनी मुळात एकमेकांना पसंत केलंच होतं. माझ्या पोराला पदरात घ्या. तुम्ही म्हणाल ती तिथी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायची वाक्यं घोटून ठेवली होती, चांगली झणझणीत. पण पप्पांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी चहाचा कप सावकाश बशीत ठेवला, चष्मा पुसला आणि प्रणीलला आपादमस्तक न्याहाळलं.

"मुलगा बघितला आम्ही," ते म्हणाले. "घरात विचार करतो आणि कळवतो."

काकूंचा चेहरा उतरला. हे वाक्य त्यांना पाठ होतं. मंडळातल्या कितीतरी मुलांच्या बापांना त्यांनीच ते शिकवलं होतं, आणि ते ऐकून परत जाणारी माणसं कशी जातात हेही त्यांनी पाहिलं होतं. त्या उठल्या. पप्पा दारापर्यंत गेले आणि हात जोडून त्यांनी निरोप दिला.

काकूंचा अजून अधूनमधून फोन येतो. पप्पा तो स्वतः उचलतात, तब्येतीची चौकशी करतात, आणि अगदी नम्रपणे सांगतात, की अजून विचार चालू आहे.